कायमचं किती, कधीमधी किती

मार्साबिटला, धान्याच्या गोदामामागच्या वजनकाट्यावर
आमची गाडी उभी आहे.
काटेवाला आकडा सांगतो, ईसाको पुन्हा विचारतो,
तो पुन्हा तोच सांगतो.
मागच्या ॲक्सलवर तीनशे दहा किलो जास्त.

बोरू मिस्त्री उकिडवा बसून पाट्यांकडे बघतो.
सात पानं होती, सहा उरलीत.
सातवं चॅल्बीच्या वाळवंटात मोडलं,
ते दोरीनं, लाकडानं आणि शिव्यांनी बांधून आणलं आम्ही.
एके काळी हसणारी कमान
आता तोंड पाडून बसलीय.

नैरोबीहून साहेबांचे फोन:
एअरबॅगा बसवा, स्वस्तात होईल.
नाहीतर कॉइलचं बघा. नवं मॉडेलच बघा ना.
उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच.
इथे शेळ्या खऱ्या आहेत, बाराशे, लस टोचायच्या.
उंटही खरे. फक्त हाकणारे वर बसत नाहीत,
पायी चालतात.

बोरू म्हणतो, एअरबॅग सगळा भार टिचभर जागेवर टेकवते,
चॅसी नेमकी तिथेच तडकते.
वेल्डिंग करायला मला आवडतं.
पण इथे. तिथे नाही.

मग विचारतो, डॉक्टर,
कायमचं किती, आणि कधीमधी किती?

कायमचं: लसींचा फ्रीज, जादा बॅटऱ्या,
डिझेल एकशे ऐंशी लिटर, पाणी शंभर,
जनावर अडकवायचा लोखंडी सापळा,
दोन स्टेपन्या.
आणि ही तिसरी?
असू दे.

त्या रात्री पाटा मोडला, दोन टायर फुटले,
फ्रीजचा काटा चारावरून आठावर, आठावरून चौदावर,
आणि मी झाकणावर ओलं पोतं टाकून बसले होते,
तापानं फणफणलेल्या पोराच्या उशाशी बसावं तशी.
सकाळी सगळ्या कुप्या वाळूत पुरल्या.

बोरूनं तिसरी स्टेपनी उतरवून भिंतीला टेकवली.
मी परत चढवली.
त्यानं कागदावर अडतीस लिहिले,
काही बोलला नाही.

परतताना तरी गाडी रिकामी ना?
ईसाको असा हसला की काटेवाल्यानं वळून पाहिलं.
परतताना दिवस भरलेली एखादी बाई,
तिची सासू, सासूचं गाठोडं,
शाळेला निघालेल्या दोघी-तिघी, पत्र्याच्या ट्रंका घेऊन.
एकदा तर पाय मोडलेलं उंटाचं पिल्लू
दीडशे किलोमीटर माझ्या मानेवर श्वास सोडत आलं.
हे कुठल्याच यादीत नाही.

"म्हणजे कायमचंच," बोरू म्हणाला,
आणि मोठ्या आकड्याभोवती गोल काढला.

शॉकअप जाडजूड घ्या, जास्त तेल मावणारे.
रस्त्याच्या फासळ्यांवर तासभर गाडी हाणली
की तेलाला फेस येतो, मग पाटा मोकाट सुटतो.
भार उचलणारा वेगळा,
उसळलेल्याला खाली बसवणारा वेगळा.
तिथे पैसे वाचवू नका.
ऑफिसातला पंखा पुढच्या वर्षी घेऊ, मी म्हटलं.

चौथ्या दिवशी गाडी जॅकवरून उतरली:
ढुंगण वर, नाक खाली,
मागचे पाय उचलून
पुढचे उचलायचं विसरलेल्या उंटासारखी.
हे काय करून ठेवलंस, ईसाको म्हणाला.
भरा आधी, बोरू म्हणाला.

फ्रीज चढला. पाणी चढलं. सापळा चढला, अडतीस किलोसुद्धा.
गाडी बोट बोट खाली येत सपाट झाली.

त्याचे आजोबा मिठाचे उंट लादायचे.
म्हणायचे, कुरकुरतोय तोवर चालेल,
गप्प झाला की उतरवा.

फाटकाजवळच्या खड्ड्यात मागचं चाक गेलं.
नवा पाटा करकरला, लांबलचक, नाराज.
बोरू फडक्याला हात पुसत कान देऊन उभा होता.
"जा," म्हणाला.